ब्रिटिश पासपोर्ट असूनही ब्रिटनमध्ये राहायचा हक्क का नव्हता?

मीरारोडची_सून:
सासरे गेल्यावर कपाट आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार पासपोर्ट मिळाले. पहिला भारतीय, कोपरा कापलेला. दुसऱ्यात ‘ब्रिटिश डिपेंडंट टेरिटरीज सिटिझन’, तिसऱ्यात ‘ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज’ आणि चौथ्यात नुसतं ‘ब्रिटिश सिटिझन’. ते १९६८ पासून हाँगकाँगला कापडाच्या पेढीत होते. नवरा म्हणतो, ९७ च्या आधी बाबांना रात्र रात्र झोप नसायची. का पण? ब्रिटिश पासपोर्ट तर हातात होताच ना?

कोलूनकर:
ताई, माझा जन्म हाँगकाँगमधल्या कोलूनचा, १९७१ चा. आमच्याही घरी हेच पासपोर्ट होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८१ च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतीतल्या लोकांचं नागरिकत्व वेगळं काढलं. तुमचा दुसरा पासपोर्ट तो. त्यावर हाँगकाँगात राहता येई, ब्रिटनमध्ये नाही. १९८४ साली हाँगकाँग १९९७ मध्ये चीनला द्यायचा करार झाला, तेव्हा १९८७ पासून तिसरा सुरू झाला. त्यालाही तो हक्क नव्हता, आणि तो मुलांकडे जात नव्हता.

तिथल्या चिनी वंशाच्या लोकांना चीनने आपलं मानलं. आम्ही भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी कुठे जाणार? ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याबरोबर भारताचं गेलेलं, कापलेला कोपरा त्याचाच. ब्रिटिश सरकार म्हणे, ‘ओव्हरसीज सिटिझन’ करतो, म्हणजे देशहीन होणार नाही. पण त्या नागरिकत्वात कुठल्याच देशात शिरायचा हक्क नव्हता.

बाबा रात्री टाइपरायटरवर लंडनच्या खासदारांना पत्रं लिहीत. मजकूर तोच, नावं वेगळी. कार्बन पेपरने निळी झालेली त्यांची बोटं मला अजून दिसतात. गव्हर्नर पॅटनसुद्धा आमच्या बाजूने बोलत होते, तरी लंडन हलत नव्हतं.

४ फेब्रुवारी १९९७. चिनी नवं वर्ष तीन दिवसांवर, दारोदार नारिंगी फळांच्या कुंड्या. ब्रिटनचे गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी पूर्ण नागरिकत्व देऊ असं जाहीर केलं. आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात कळलं. बाबांनी बातमी उभ्याउभ्याच दोनदा वाचली, आणि चहा तसाच ठेवून आम्हा सगळ्यांना फोटो काढायला स्टुडिओत नेलं. कायदा व्हायला मार्च उजाडला.

म्हापशेकर:
आमच्याकडे उलटं आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांचा हक्क पोर्तुगाल आजही मानतो. माझा भाऊ वडिलांचा जन्मदाखला लिस्बनला नोंदवून गेला. आणि ब्रिटनने फॉकलंड बेटांवरच्या आपल्याच वसाहतीतल्या लोकांना १९८३ मध्येच पूर्ण नागरिकत्व दिलं होतं. तुम्हाला चौदा वर्षं ताटकळत ठेवलं, हे वाचून वाईट वाटतं.

मीरारोडची_सून:
दादा, धन्यवाद. वाचताना नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एकच राहिलं: धाकटे काकाही २५ वर्षं तिथेच होते, त्यांना का नाही मिळालं?

कोलूनकर:
त्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला नसेल. अट अशी होती की त्या ४ फेब्रुवारीला राहतं घर हाँगकाँगात हवं आणि ब्रिटिशखेरीज दुसरं कुठलंही नागरिकत्व नको. ज्याने जपून आपला जुना पासपोर्ट ठेवला, तो यादीबाहेर. एकाच घरातले दोन भाऊ असे दोन बाजूंना गेलेले मी आमच्याच इमारतीत पाहिले.

डबा टाकू नका. तळाशी नागरिकत्वाचा हाँगकाँगचा दाखला असेल, तो वेगळा काढून ठेवा.