झाडीपट्टीचं रातभर नाटक आणि मोहाडीची करवती: चौघी बायांनी काय घालून जावं, काय खावं?

मशीनवाली (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार जी मंडळी. कापसाचा दुसरा वेचा आटोपला की आम्ही चौघी मैत्रिणी घराबाहेर पडायचं म्हणून राहिलो. देवदर्शन नाही, कोणाचं लग्न नाही, नुसतं फिरायला. गावात सांगितलं की लोक ऐकून घेतात आणि मग विचारतात, "हो, पण जाऊन काहून राहिल्या?"

मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. एक मैत्रीण अंगणवाडीत मदतनीस, एक पिठाच्या चक्कीवर बसते, चौथी माझी जाऊ. चक्कीवालीला वडसा (जि. गडचिरोली) भागातलं झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, रातभराचं नाटक पाहायचं आहे. मदतनीस बाईला नवेगाव बांधचा तलाव. मला मोहाडी (जि. भंडारा). मागं एका गिऱ्हाइकानं करवती काठाची कोशाची (टसर रेशमाची) साडी फॉल लावायला आणली होती. काठावर करवतीसारखे दात, ना छापलेले ना भरलेले, विणतानाच आलेले. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, दोन्हीकडून तेच. हे मागावर कसं निघते ते डोळ्यानं पाहायचं आहे. जाऊची अट एकच, चुलीजवळ जायचं नाही.

आता विचारायचं ते असं. पुतण्या म्हणते, "काकू, ड्रेस घाला, साडीत कुठं फिरता?" चक्कीवालीनं जन्मात ड्रेस घातला नाही आणि घालणारही नाही. रातभर जमिनीवर बसायचं, एसटीत चढायचं, तलावावर जायचं, तर साडीत जमते का? थंडी किती राहते? आम्ही ज्वारीच्या भाकरीवाल्या, तिकडं दोन्ही टाइम भातच का? जाऊ मासोळी खात नाही, तिचं काय? आणि नाटकावरून पहाटे चार बायांनी कुठं जावं?

वडसेकर

या जी, नक्की या.

आमच्याकडं नाटकाचा हंगाम धान कापून झाला की दिवाळीपासून सुरू होतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. वडशाच्या बाजारात नाट्यमंडळांची ऑफिसं ओळीनं लागून आहेत, बाहेर रंगीत बोर्ड. तिथंच विचारा, आज कुठल्या गावी प्रयोग आहे ते लगेच सांगतात. गावात मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) किंवा शंकरपट (बैलांच्या शर्यती) असला की त्या रात्री नाटक धरूनच चला. बैलांच्या शर्यती मधली काही वर्षं बंद होत्या, पण डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यापासून पट पुन्हा भरतात.

पडदा वर जायला रात्रीचे दहा होतात आणि उजाडायच्या बेतात नाटक संपते. मंडपात मागं खुर्च्या, पुढं जमिनीवर बैठक. बैठकीचं तिकीट स्वस्त आणि मजा तिथंच. सतरंजी घरून आणा. थंडीचं विचारता, तर गोंदिया कितीकदा हिवाळ्यात विदर्भातलं सगळ्यात थंड शहर असते. आणि रात्री धानाच्या बांधीवरून येणारा वारा निराळाच.

नाटक हलकं समजून येऊ नका. आमच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती ह्याच रंगभूमीसाठी. गाणारा नट स्टेजवर स्वतः गाते.

पहाटे गावातल्याच ट्रॅक्टर-ऑटोनं वडशाला यायचं आणि खोलीवर झोपायचं. खोली आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. तिथून अर्जुनी मोरगाव रेल्वेनं जवळ आहे, गोंदिया-बल्लारशा लाइन. नवेगाव बांध तिथून.

फिरस्ता (पुणे)

ताई, साडी अजिबात नको. ट्रॅक पँट, ड्राय-फिट टी-शर्ट, वर फ्लीस जॅकेट आणि चांगले ट्रेकिंग शूज. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात मिळतं. कपडे सुटसुटीत असले की प्रवासाचा आनंद दुप्पट.

मशीनवाली

@फिरस्ता दादा, सल्ल्याबद्दल आभार. पण ह्याच साडीत आम्ही कापूस वेचतो, बांधावरून उड्या मारतो, पाण्याचे गुंड डोक्यावर घेतो. आता फिरायलाच कशी अडचण होईन? साडीत अडचण एकच आहे, तिला खिसा नाही. ते मी पाहून घेते.

मोहाडीची सून

ताई, करवतीसाठी कोणी दारव्ह्याहून निघते हे वाचून बरं वाटलं. माझं सासर विणकराचं. आमच्याकडं मोहाडी आणि आंधळगाव, दोन्हीकडं माग आहेत, पण आधीइतके राहिले नाहीत. पोरं नागपूरला कामाला जातात.

तुम्ही विचारलं ते थोडक्यात सांगते. साध्या साडीत एकच धोटा (आडवा धागा नेणारी नळी) या काठापासून त्या काठापर्यंत पळते. करवतीत तीन धोटे. दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा रंगीत बाणा (आडवा धागा) आणि अंगाचा कोशाचा बाणा जिथं भेटतात तिथं एकमेकांत अडकवून परत फिरवायचे, म्हणून दोन्हीकडून सारखं दिसते. हात चुकला की दात वाकडा. आमचे सासरे एकाच दाताजवळ बराच वेळ बसून उसवत राहतात, आम्ही जेवायला हाका मारून थकतो.

कोसा आपल्याच जंगलातला, ऐन आणि अर्जुनाच्या झाडावरचा. ढिवर (मासेमार) लोक किडे पाळतात, आरमोरीकडं जास्त. असली कोशाचा रंग मातकट-सोनेरी असते आणि धागा थोडा गाठाळ, एकसारखा नसते. कोणी फार गुळगुळीत, फार चकचकीत दाखवलं तर कडेचा एक धागा मागा आणि जाळा. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात चुरली तर कोसा. प्लास्टिकसारखी गोळी झाली तर दुकान सोडा. करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे, त्या नावावर पॉवरलूमचा मालही खपवतात.

येताना सकाळी या. दुपारून उजेड कमी झाला की माग थांबते. चौंडेश्वरीचं दर्शन घ्या. आणि जाऊबाईंना सांगा, आमच्याकडं भाकर मिळन, पण तांदळाची. सोबत लाखोरीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी. मासोळी खायची जबरदस्ती नाही.

मशीनवाली

जाऊन आलो! उशिरा लिहून राहिली, लग्नसराईचे ब्लाऊज अंगावर होते.

आधी कपड्यांचं सांगते. चौघींच्या परकरांना मी आतून खिसे लावले. पैसे, आधार कार्ड, मोबाइल सगळं आत. पर्स कोणाच्याच हातात नाही, त्यामुळं एसटीत चढताना दोन्ही हात मोकळे. साड्या सुती आणि एक-एक नायलॉनची. नायलॉन धुतली की तासाभरात वाळते म्हणून. वरून प्रत्येकीचा घरातल्या पुरुषाचा फुल स्वेटर. चक्कीवालीनं नवऱ्याचं जर्किन साडीवर चढवलं आणि कानाला मफलर. मदतनीस बाई म्हणे, "बाप्पा, तू तर सरपंचच दिसून राहिली!" मग सगळा प्रवास ती सरपंच. कंडक्टरसुद्धा तिलाच विचारे, "सरपंचबाई, कुठं उतरता?" तिकीट अर्धंच लागलं. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं आहे, ते ज्यांना अजून माहीत नसन त्यांनी ऐकून ठेवा.

नागपूरवरून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडसा. भिवापूरला मिरच्यांचा बाजार खिडकीतून दिसला नाही, पण खाट (तिखटाचा ठसका) आला आणि अर्धी गाडी खोकली.

नाटक वडशापासून आत एका खेड्यात होतं. आमच्याकडच्या माणसाला खरं वाटणार नाही एवढी बाया-माणसं, लेकरं घोंगडीत गुंडाळून. आम्ही बैठकीत, पार पुढं. कथा दोन भावांची आणि वाटणीची होती. रडायला येईन असं सगळं होतं आणि आम्ही रडलोही. पण मला मशीनवालीची खोड, मी कपडेच पाहत राहिले. पहिल्या अंकात नायिकेच्या अंगात जे हिरवं ब्लाऊज होतं तेच पुढच्या अंकात सासूच्या अंगात! काखेला आत घेतलेली शिलाई उसवून ढिलं केलं होतं, दोन्ही बाजूंनी जुन्या टाक्यांची रेघ गॅसबत्तीसारख्या त्या लाइटात स्पष्ट दिसे. ज्यानं कोणी केलं त्याला मनातून हात जोडले. दोन प्रवेशांच्या मधात एवढ्या घाईत शिलाई उसवणं सोपं नाही. खलनायकाचा कोट मात्र खांद्यात पडेल होता, त्याला कोणी चांगला शिंपी भेटला पाहिजे.

मधात भूक लागली की मंडपाबाहेर दुकानं. मुरमुरे-फुटाणे, भजे, चहा. पहाटे आलुबोंडा आणि त्यावर तर्री. जाऊ तीन प्लेटा खाऊन म्हणे, "हे कोणी केलं ते माहीत नाही, मी नाही केलं, म्हणून गोड लागून राहिलं." आलुबोंडा तिखट होता.

परतीला ऑटो नव्हता. गावातलेच एक काका ट्रॅक्टर घेऊन निघाले होते, सोबत त्यांच्या घरच्या बाया होत्या म्हणून आम्ही चढलो. ट्रॉलीत धानाचं तनस (पेंढा) अंथरलेलं. बसायला ऊबदार, पण त्याचे कूस (कुसळं) नायलॉनच्या निऱ्यांत असे घुसले की वडशाच्या खोलीवर दोघी-दोघी समोरासमोर बसून एकमेकींच्या साड्या वेचत होतो. नायलॉनला कूस धरते, सुती साडीवरून झटकलं की पडते. म्हणून वडसेकर भाऊंच्या सल्ल्यात माझी एक भर घाला, नाटकाच्या रात्री नायलॉन नेसू नका.

नवेगाव बांधचा तलाव मोठा, शांत, छान. कोलू पाटील कोहळींनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला म्हणतात. फोटो काढले, निघालो.

पण त्याच भागात गोठणगाव-प्रतापगडकडं तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची, ती कोणी सांगितलीच नव्हती! आम्ही ऑटोवाल्याच्या भरवशावर गेलो. बरेच लोक हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेरगावी जातात, म्हणून वस्ती रिकामीच होती, म्हातारी माणसं घरी. एका ठिकाणी मोमो मिळाले. मदतनीस बाई म्हणे, "हा तं उकडीचा मोदक, गूळ काढून पत्ताकोबी भरला." जाऊनं दोन वेळा विचारून घेतलं की आत मासोळी नाही ना.

तिथं एका आजीनं कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं एप्रन बांधलं होतं. लग्न झालेल्या बायाच ते घालतात, पांगदेन म्हणतात त्याला. मी त्यांना हातानं खुणा करून विचारलं, पाहू का? अरुंद विणलेल्या तीन पट्ट्या उभ्या जोडलेल्या, प्रत्येक पट्टीवर आडव्या रंगांच्या ओळी, आणि जोडावर एकही ओळ दुसरीशी जुळत नाही! मला वाटलं शिवताना सरकलं. आजी हसली, आतून दुसरं आणून दाखवलं, त्यातही तसंच. मुद्दाम न जुळवता शिवतात. मी गिऱ्हाइकाला असे चौकडे न जुळवता ब्लाऊज दिलं असतं तर तोंडावर फेकलं असतं. पण त्या न जुळण्यातच त्याचा सगळा तोरा आहे. एक ब्लाऊज आता माझ्यासाठी तसं शिवणार, कोणी हसो.

मोहाडीला ताईंच्या घरी गेलो (ताई, तांदळाच्या भाकरी उलथताना हातातच तुटतात, तुम्हाला कशा जमतात?). सासऱ्यांनी पाय खड्ड्यात सोडून मागावर बसायला लावलं मला. धोटा मी एकदा फेकला तो मधातच अडकला. त्यांनी न बोलता सोडवला आणि पुन्हा हातात दिला. तीन धोट्यांचं गणित कागदावर समजते, हाताला नाही समजत. साडी आवाक्याच्या बाहेर होती, साधा कोसा घेतला ब्लाऊजपुरता. चक्कीवालीनं जर्किन काढून सासूबाईंच्या करवतीचा पदर खांद्यावर टाकून पाहिला तेव्हा सरपंचकी एकदम आमदारकीवर गेली.

वडसेकर

वाचून पोट दुखलं हसून. ते हिरवं ब्लाऊज मीही पाहिलं असन, पण ध्यानात कधी आलं नाही. आता दर नाटकात तेच दिसत राहीन.

अकोलेकर काकू

मशीनवाली ताई, त्या परकराच्या खिशाचं नीट सांगा ना. शेगावच्या पायी वारीला कामाचं आहे. मी लावला तर मोबाइल मांडीवर आदळते.

मशीनवाली

काकू, खिसा नाडीपासून खूप खाली गेला की आदळणारच. नेफ्याच्या शिलाईखाली चार बोटं सोडून लावा, उजव्या अंगाला, पण अगदी बाजूला नाही, थोडा पुढं. बसताना मांडीखाली येत नाही. कापड मांजरपाट घ्या, साटन नको, साटनात मोबाइल घसरते. रुंदी सात इंच, खोली आठ, तोंडाला चेन. तळाला दुहेरी शिलाई, कोपरे गोल कापा म्हणजे चिल्लर अडकत नाही. आणि वरून एक टाका नेफ्यातच धरा, मग वजन नाडी घेते, परकर ओढत नाही.

परकर घेरदार पाहिजे, फिटिंगचा शेपवेअर असन तर हे नाही जमणार. त्याला खिसा वेगळा पट्ट्याला लावून कमरेला बांधा. वारीला किती जणी आहात ते कळवा, मांजरपाट एकदमच ठोक भावानं आणते.