मदत हवी आहे: टॉवेल युनिटचा कार्बन हिशेब, कोळशाचा आकडा फुगतोय

टेरी_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या युनिटचा हिशेब आहे. परदेशी खरेदीदाराने २०२२-२३ आणि २०२३-२४ चं कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन मागितलंय. पहिल्या वर्षी वीजबिलावर ६,००,००० युनिट, बॉयलरला ३०० टन कोळसा, जनरेटरला ४,००० लिटर डिझेल. दुसऱ्या वर्षी कोळसा १८० टन, बाकी वाफ बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) दाबून केलेल्या ब्रिकेटवर. नेटवर मिळालेला २.४२ चा गुणक (टनभर कोळशामागे किती टन कार्बन डायऑक्साइड) लावला तर पहिल्या वर्षी एकट्या कोळशाचे ७२६ टन होतात. सल्लागार म्हणतो, फार जास्त. आणि एनटीपीसीचा कोळशाचा प्लांट इथेच आहे, तर विजेला त्याचाच गुणक घ्यायचा का?

वाफ_आणि_राख
२.४२ चांगल्या प्रतीच्या, कमी राखेच्या कोळशाचा आहे. आपल्याकडच्या मालात राखच इतकी, की तेवढा कार्बन येणार कुठून! लॅब रिपोर्ट काढा. त्यात जीसीव्ही (किलोमागे एकूण उष्णता, किलोकॅलरीत) दोन असतात: एडीबी म्हणजे हवेत सुकवलेल्या नमुन्याचा, एआरबी म्हणजे गाडीतून उतरला तसा ओला. वजनकाट्यावर ओला माल येतो, म्हणून एआरबीच घ्या. समजा तो ४,२०० आहे. आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा) गुणक एनसीव्हीवर, म्हणजे ओलाव्याची वाफ होण्यात जाणारी उष्णता वगळून उरलेल्या उष्णतेवर चालतो, म्हणून साधारण ५ टक्के वजा, ४,००० धरा. त्याला ४.१८६८ ने गुणून हजाराने भागलं की टनाला १६.७५ गिगाज्यूल. गुणिले गिगाज्यूलमागे ९६.१ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनामागे सुमारे १.६१ टन. ३०० टनांचे ४८३.

हे ३०० टन खरेदीचे की जळालेले? पावसाळ्याआधी साठा करता ना? सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, असं धरा. नाहीतर मार्चमध्ये उतरलेली गाडी चुकीच्या वर्षात जाते आणि खोटी घट दिसते.

ग्रिडकर
विजेत वेगळी गोम आहे. एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन असेल तर एप्रिल २०२० पासून बिलिंग केव्हीएएचवर आहे, त्यात प्रत्यक्ष कामाला न आलेली वीजही धरतात. तुमचे ६ लाख बहुधा तेच. गुणक लागतो केडब्ल्यूएचला (प्रत्यक्ष कामाला आलेल्या विजेला), तो रकाना त्याच बिलावर असतो. पॉवर फॅक्टर (दोन्हींचं गुणोत्तर) ०.९५ असेल तर ५,७०,००० केडब्ल्यूएच. २०२२-२३ चा सीईएचा (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा) गुणक युनिटला ०.७१६ किलो, म्हणजे ४०८ टन. केव्हीएएच धरले तर ४३०. फरक २२ टनांचा, आणि तुमच्या अख्ख्या डिझेलचे (लिटरला २.६८ किलो) होतात १०.७!

एनटीपीसीचा गुणक लावू नका. ३१ डिसेंबर २०१३ ला आपल्याच रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं. वीज कुठल्या प्लांटची आली हे सांगता येत नाही, म्हणून सीईए देशाला एकच सरासरी गुणक देते. तो दशकभरापूर्वी ०.८२ च्या आसपास होता. २०२३-२४ ला मात्र ०.७२७ झाला, कारण पाऊस कमी, जलविद्युत घटली, मागणी वाढली, भर कोळशावर. म्हणजे तेवढ्याच युनिटला तुमचा आकडा दीड टक्का वाढेल. ही वाढ तुमची नाही, तळटिपेत तसं लिहा. दोन्ही वर्षांना एकच गुणक लावून झाकायला जाऊ नका.

टेरी_सोलापूर
आभारी आहे. रिपोर्ट मागवतो. ब्रिकेटला शून्य धरू का? छतावर सोलरही आहे.

वाफ_आणि_राख
सरळ शून्य नको. ब्रिकेटचा कार्बन डायऑक्साइड जैविक म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचा, एकूण बेरजेत नाही. त्यातून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र बेरजेत येतात, थोडेच असतात. विक्रेत्याकडून मालात काय काय आहे ते लिहून घ्या. ऑडिटर तेच आधी विचारतो.

ग्रिडकर
सोलरला नेट मीटर असेल तर बिलातले वजावट झालेले युनिट घेऊ नका, इम्पोर्टचं (ग्रिडमधून घेतलेल्या विजेचं) रीडिंग घ्या. ग्रिडला दिलेले युनिट उत्सर्जनातून वजा होत नाहीत. आणि शेवटी एकूण उत्सर्जनाला टॉवेलच्या किलोंनी भागा, डझनांनी नाही. जीएसएम (कापडाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) बदलला की डझनाचं वजन बदलतं, दोन वर्षांची तुलनाच राहत नाही.