७१ च्या जवानाची समाधी का नाही?

'कारगिलच्या जवानाचं स्मारक आहे, मग १९७१ च्या युद्धातल्या जवानाची साधी समाधीही का नाही, गाव विसरलं का,' असं एकानं विचारलंय. विसरलं वगैरे नाही हो. तेव्हा पार्थिव सहसा गावी येतच नसे, आघाडीजवळच अंत्यसंस्कार व्हायचे. घरी पोचवण्याची पद्धत १९९९ पासून रुळली. अमळनेरकडच्या आमच्या गावात एका घरी आधी तार आली, नंतर काळी ट्रंक. आत लोकरी मोजे, दाढीचं सामान, घरचीच पत्रं. मोठ्या मायनं, म्हणजे त्या जवानाच्या बायकोनं, कितीतरी वर्षं कुंकू पुसलं नाही. देह पाहिलाच नव्हता, मानणार कसं? (लोक बोलायचेच.)

नाव मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, त्याग चक्राच्या, म्हणजे तिथल्या वर्तुळाकार भिंतींच्या, ग्रॅनाइटवर शोधा. २०१९ पासून स्वातंत्र्योत्तर शहिदांची नावं तिथे कोरलेली आहेत.