पॅडिंग्टन सहा वर्षांच्या मुलीला दाखवू का?

लेक सहा वर्षांची आहे, पिक्चरमध्ये कुणी जोरात ओरडलं तरी डोळे झाकते. २०१४ चा पॅडिंग्टन, तो लंडनला आलेल्या अस्वलाच्या पिल्लाचा पिक्चर, चालेल का?

> नक्की दाखव गं. फक्त सुरुवातीला पेरूमध्ये भूकंप होतो, त्यात त्याचे काका जातात, तेव्हा तिला जवळ घेऊन बस. निकोल किडमन पॅडिंग्टनमध्ये भुसा भरायला निघते तेही थोडं भीतीदायक आहे. बाकी बाथरूममध्ये पाणी तुंबतं तो सीन आमच्याकडे तीनदा मागे नेऊन बघितला, पोरं लोळत होती हसून.

> मला तर पॅडिंग्टनच्या गळ्यातली ती चिठ्ठीच रडवते. पॅडिंग्टन लिहिणाऱ्या मायकल बॉन्डचं पहिलं पुस्तक १९५८ चं, आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनमधून गावाकडे पाठवलेली मुलं अशीच गळ्यात लेबल अडकवून स्टेशनवर असायची, ते त्याच्या मनात राहून गेलं होतं. पिक्चरमध्ये अँटीकवाले ग्रूबर पण लहानपणी असेच ट्रेनने आलेले, ते बोलतात तेव्हा लक्ष देऊन ऐक.

> दुसरा भागही बघा, तुरुंगात मार्मलेड करतो तो!

थँक्यू सगळ्यांना, रविवारी लावते. भूकंपाचं तिला आधीच सांगून ठेवीन.