कँटोनीजमध्ये माणसाचं रूप आणि बांधा कसा सांगतात?

शब्दपिसाट: कोशात 'उंच', 'जाड', 'देखणा' सापडतात. पण हाँगकाँगच्या बोलण्यात चार-चार अक्षरी जोड येतात. रोजचे कोणते, आणि कुठे जपायचं?

चौअक्षरी: सुरुवात 'ङाउ-कोउ-मा-ताइ'पासून करा. शब्दशः बैलासारखा उंच, घोड्यासारखा मोठा, म्हणजे धिप्पाड. मात्र हे निव्वळ कौतुक नव्हे. 'एवढा घोडा झालास तरी...' यातला सूर त्यात बऱ्याचदा असतो. पुरुषाची स्तुतीच करायची तर 'कोउ-ताइ-वाय-माङ्' म्हणा: उंचापुरा, रुबाबदार.

उलट टोकाला 'ङन्-थिउ-क्वाय-मेङ्'. किडमिडीत, अंगात जीव नसलेला. 'क्वाय' म्हणजे भूत, त्यामुळे आपलं 'पाप्याचं पितर' इथे चपखल बसतं. त्यातलं पहिलं अक्षर लिहितातही मजेत: वर 'नाही', खाली 'मोठा'.

'फेइ-फेइ-पाक्-पाक्' म्हणजे जाडजाड, गोरंगोरं. गुटगुटीत बाळाला शोभतं. मोठ्या माणसाला ते कौतुक वाटेलच असं नाही.

सूरदास: उच्चाराचं आधी बघा. ज्युतपिंगमध्ये, म्हणजे कँटोनीज रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीत, 'जी' दिसला तरी म्हणायचा 'क', आणि 'डी'चा 'त'. क-ख, त-थ हा भेद आपल्या जिभेवर आहेच.

खरी गोची सुरांची. 'लेङ्-चाय'मधला 'लेङ्' तिसऱ्या, मधल्या सपाट सुरात म्हटला तर 'देखणा तरुण'. तोच पहिल्या, उंच सुरात गेला की 'कालचं पोरटं'. स्तुती करायला जाऊन अपमान होतो तो इथेच.

शब्दपिसाट: आणि 'जाड' न म्हणता 'जाडसर' म्हणायचं असेल तर?

सूरदास: 'फेइ-फेइ-तेइ'. शब्द दोनदा, शेवटी 'तेइ'. तो 'तेइ' म्हणजे आपला 'सर'च. पण दुसरा 'फेइ' चढत्या, दुसऱ्या सुरात जातो. दोन्ही 'फेइ' एकाच सुरात म्हटले की परकेपणा लगेच कळतो.

चौअक्षरी: 'फेइ-चुङ्-नान्-फन्' ऐकाल तेव्हा फक्त समजून घ्या, कुणाच्या तोंडावर वापरू नका. अर्थ: लठ्ठ आहे की सुजलाय, कळत नाही.

काठावरचा: टकलासाठी 'तेइ-चुङ्-होय', म्हणजे भूमध्य समुद्र. मधे मोकळं पाणी, कडेने केसांची जमीन. पूर्ण तुळतुळीत डोक्याला हे चालत नाही, किनारा शिल्लक हवा.