बेल्ट एक्झाममुळं पोरांचा कॉन्फिडन्स वाढतो का नुसता भिंतीवरचा फोटो?

पेठेतला पप्पा:
आमच्या घरात सध्या या विषयावर रोज वाजतंय. सासरे म्हणतात कराटेचे बेल्ट म्हणजे रंगीत पट्टे विकायचा धंदा, बायको म्हणते पोरगीत फरक पडलाय. मी बायकोच्या बाजूनं (घरात राहायचंय म्हणून नव्हे, खरंच). पोरगी तिसरीत, पाहुणे आले की आतल्या खोलीत पळायची, वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. आता ऑरेंज बेल्टच्या परीक्षेला परीक्षक बाहेरगावचे, मागं सगळे पालक मोबाईल धरून उभे, आणि हिनं मोठ्यानं स्वतःचं नाव सांगून सगळा काता (ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली) एकटीनं केला, मधे एक वळण चुकलं तर थांबून परत घेतलं, रडली नाही. माझं म्हणणं एवढंच की कॉन्फिडन्स पट्ट्यातनं येत नाही, चुकायची भीती असताना अनोळखी माणसासमोर एकटं उभं राहण्यातनं येतो आणि तशी जागा आजकालच्या पोरांना दुसरीकडं कुठं मिळतीय? पटत नसंल तर बोला.

लाल माती:
काय मर्दा, कोल्हापुरात राहून पट्ट्याचं कौतुक! गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याबी तालमीत जाऊन बघा, पट्टा कुणाच्या कमरंला नाही. पोरगं पहाटे उठतंय, जोर-बैठका मारतंय, माती उकरतंय, आणि जत्रेत रेवडीच्या कुस्तीला उतरतंय. पडलं तर अख्ख्या गावासमोर पडतंय, वर वस्तादाच्या शिव्या. तुमच्या परीक्षेत समोर कोण असतंय? हवा! हवेला बुक्क्या मारून पिवळ्याचा नारंगी. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं ते सर्टिफिकेटं वाटायला नव्हे.

राजारामपुरीची आई:
दादा, तालमीचा मान आहेच, पण आमच्या पेठेतल्या जुन्या तालमीत माझ्या मुलीला कोण घेणार होतं सांगा. पैलवान रेश्मा माने आपल्याच जिल्ह्याची, पोरींची कुस्ती वाढलीय हे मान्य, पण अंगानं बारीक, घाबरट पोराला पहिल्याच दिवशी आखाड्यात टाकलं तर ते परत येत नाही. त्याला आधी छोटी पायरी लागते. आणि हवेला बुक्क्या म्हणताय, आमच्याकडं ग्रीनच्या पुढं परीक्षेत कुमिते असतं, समोर दुसरं पोरगं असतं, लागतं पण.

नुसता बघ्या:
छोटी पायरी बरोबर आहे हो ताई, पण प्रत्येक पायरीवर तिकीट कशाला? आमच्या भाच्याच्या क्लासात दर तीन महिन्याला परीक्षा, फी दर रंगाला वाढत जाते, वर बेल्ट वेगळा, सर्टिफिकेट वेगळं, आणि नापास कोणच होत नाही. कोणच नाही! मग ती परीक्षा कसली. ज्युदो सुरू करणाऱ्या कानोंनी १८८० च्या दशकात डॅन (ब्लॅकबेल्टच्या पायऱ्या) सुरू केले तेव्हा हे सगळे रंग नव्हते, रंगांची मोठी रांग १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकवणाऱ्या कावाईशींनी रुळवली. कराटेत तर डॅन आलाच ज्युदोकडनं, कराटेचे गुरू फुनाकोशींनी पहिले दिले ते १९२४ ला. म्हणजे हजार वर्षाची परंपरा वगैरे जे पालकांना सांगतात ते सोडून द्या.

डोजोवाला:
मी कराटे शिकवतो म्हणून माझं मत बाजूचं धरा, पण थोडं ऐका. कानो स्वतः शिक्षणातला माणूस, फुनाकोशी जपानच्या ओकिनावा बेटावर शाळामास्तर, आणि आपण पोरांकडनं करून घेतो ते हेइआन काता मुळात ओकिनावातल्या कराटेचे गुरू इतोसूंनी शाळेतल्या पोरांसाठीच सोपे करून बसवले. तेव्हा पोरांना टप्प्याटप्प्यानं नेणं ही काही दुकानदारांची आयडिया नाही. आता नापासाचं. माझ्याकडं परीक्षेच्या दिवशी नापास कमी दिसतात कारण ज्याची तयारी नाही त्याला मी बसवतच नाही, आणि तिथंच खरं भांडण होतं, पोराशी नाही, पालकांशी! शेजारचा ब्ल्यू झाला मग आमचा का नाही, फी भरलीय की. तायक्वांदोत १५ वर्षाखालच्या पोराला डॅन देतच नाहीत, पूम म्हणतात, पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. तेवढं पण काही पालकांना सहन होत नाही, त्यांना नऊ वर्षाचा ब्लॅकबेल्ट पाहिजे.

मानसशास्त्रवाली पोरगी:
दोन्हीकडनं थोडं बरोबर आहे असं गुळमुळीत बोलणार नाही, मला बघ्या दादांचं जास्त पटतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीच्या पोरांवर एक प्रयोग केला, चित्रं काढायची आवड असलेल्या काही पोरांना आधीच सांगितलं की काढलंत तर रिबिनवालं सर्टिफिकेट मिळेल. नंतर मोकळा वेळ दिला तर हीच पोरं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढत बसली, आणि ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट मिळालं त्यांची आवड तशीच राहिली. आता आपल्याकडं पहिल्या दिवसापासनं काय बोलतात? "मन लावून कर, बेल्ट मिळेल." माझ्या भावानं ब्राऊन मिळाल्यावर सोडलंच, ड्रेस कपाटात.

पेठेतला पप्पा:
ताई अभ्यास भारी आहे पण चित्र काढताना पोरगं काही जिंकत किंवा हरत नव्हतं, ते आधीच येत होतं त्याला. इथं न येणारी गोष्ट येते. मानसशास्त्रज्ञ बांडुरांनी १९७७ ला मांडलंय ते पण तुम्ही वाचलं असेलच, आपल्याला जमेल हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः करून दाखवल्यानं येतो, दुसऱ्यानं शाबासकी दिल्यानं तेवढा नाही. मी तेच म्हणतोय.

मानसशास्त्रवाली पोरगी:
वाचलंय काका. पण बांडुरांनीच पुढं असंही म्हटलंय की फार सोपं यश मिळत गेलं तर पहिल्या अडचणीला माणूस खचतो. जिथं सगळे पास तिथं नेमकं हेच तयार होतं. तुमच्या पोरीनं चुकलेलं वळण परत घेतलं ना, ते मला बेल्टपेक्षा मोठं वाटतं, आणि परीक्षकांनी तेव्हा तिला थांबू दिलं हे पण.

राजारामपुरीची आई:
माझ्या मोठ्याला मागच्या परीक्षेत पास न करता थांबवलं होतं. दोन दिवस जेवला नाही नीट, मी सरांवर चिडले, क्लास बदलायचा विचार पण केला. मग त्यानंच सांगितलं, "आई, माझा घोडा स्टान्स (गुडघे वाकवून खाली बसल्यासारखं उभं राहणं) खरंच वर होता." नववीच्या पोराकडनं असं ऐकायला मिळणं लई झालं हो. पास झाला असता तर हे बोलला नसता.

लाल माती:
आता कसं बोललासा वहिनी. पडणं आलं की मला मान्य, मग पट्टा कुठलाबी बांधा.

पाचगावकर:
सगळं वाचलं, भारी चाललंय. एक विचारायचं होतं, हे बेल्टचं सर्टिफिकेट दहावीच्या वाढीव मार्कांना चालतंय का? पोरगं यंदा नववीत हाय.

डोजोवाला:
नाही हो. त्याला स्पर्धा खेळावी लागते, शालेय जिल्हा, विभाग, राज्य अशी. बेल्टवर मार्क नाहीत.

नुसता बघ्या:
झालं, आली गाडी मार्कावर. आता पाचगावकरांचं पोरगं उद्यापासनं क्लासला येतंय का बघू.

पाचगावकर:
येतंय की, स्पर्धेची फी किती ते तेवढं सांगा.