शब्दचर्चा : 'शेअरक्रॉपर'ला वाटेकरी म्हणावं का?

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्सने १९३६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हेल काउंटीत कापूसवाल्या कुटुंबांचे फोटो काढले. 'फॉर्च्यून' मासिकासाठी काढलेले, पण तो तेव्हा सरकारी नोकरीत असल्याने सरकारच्या मालकीचे झाले, आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांच्याखालच्या ओळी मराठीत करायला घेतल्यात आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. 'शेअरक्रॉपर'ला कोश 'वाटेकरी' सांगतो. पण वाटेकरी म्हटलं की मला भाऊबंदकी आणि कोर्टाच्या तारखा दिसतात. 'कूळ' लिहू का?

—

कूळ नको हो. कुळाला कसायचा हक्क असतो, १९४८च्या कूळकायद्यानंतर कितीतरी कुळं मालक झाली. या अलाबामावाल्याला कसला हक्क? वर्ष संपलं की मालक म्हणणार, घर रिकामं कर.

आधी व्यवहार बघा. जमीन, घर, खेचर, अवजारं सगळं मालकाचं. हा बायकापोरं घेऊन राबणार आणि कापूस-मका निम्मा मालकाच्या घरी घालणार. माझं माहेर परभणीचं, तिथे याला 'बटईनं केली' म्हणतात. सासरी साताऱ्याकडे 'अर्धेलीनं'. शब्द घरातलाच आहे, कोशात कशाला जाताय?

ज्याचं स्वतःचं खेचर आणि अवजारं, तो मक्याचा तिसरा आणि कापसाचा चौथा हिस्सा द्यायचा. तो 'टेनंट'. एका खेचरावरून माणसाचं नाव बदलायचं!

—

सालगडी चालेल का?

—

नाही चालणार. सालगड्याचं साल ठरलेलं असतं. पीक बुडालं तर तोटा मालकाचा. इथे पीक बुडालं की हाही बुडाला, वर उधारी डोक्यावर.

—

ताई, उधारीवरून आठवलं. या लोकांच्या बोलण्यात 'फर्निश' असा शब्द येतो. मी 'पुरवठा' लिहिलं होतं, पण ते रेशन ऑफिसच्या पाटीसारखं वाटतंय. 'उचल' कशी वाटते?

—

उचल म्हणजे रोख. मुकादमाकडून घेतली, कोयता घेऊन कारखान्यावर गेलं. तुमचं 'फर्निश' म्हणजे पीक हाती येईपर्यंत पोटाला दिलेलं : मक्याचं पीठ, डुकराचं खारवलेलं चरबीदार मांस, मोलॅसिस. कापूस विकला की व्याजासकट कापून घ्यायचं. याला 'खावटी' हा नेमका शब्द आहे, सोसायटीत अजून चालतो.

आणि मोलॅसिसला कृपा करून 'मळी' लिहू नका. मळी डिस्टिलरीला जाते. भाकरीबरोबर खातात ती काकवी.

—

मी गुहागरचा, माझा मुद्दा घराचा. तुम्ही 'पोर्च'ला ओटा लिहिलंय. ओटा म्हणजे दगडमातीचा, सारवलेला. या फोटोतली घरं विटांच्या किंवा दगडांच्या ठोकळ्यांवर उचललेली, खाली पोकळ. जमीन फळ्यांची. वरचं छप्पर मुख्य छपरातून पुढे उतरवलेलं. आमच्याकडे त्याला पडवीच म्हणतील. 'व्हरांडा' लिहिलंत तरी हरकत नाही. तो शब्द इंग्रजीत गेलाच आपल्या बाजूने.

—

पडवी मान्य. मग 'डॉग रन'चं काय करू? एका फोटोच्या मूळ ओळीतच तो शब्द आहे. दोन खोल्या, मधून आरपार मोकळी जागा, वर एकच छप्पर. कुत्रं पुढून शिरून मागून बाहेर जाईल अशी. तिथे फळीवर हात-तोंड धुवायचं भांडं, खिळ्याला टांगलेला टॉवेल आणि दारातून आतल्या टेबलावरचा कंदील दिसतो.

—

तो कंदील नाही. फोटो मोठा करून बघा. कंदिलाला वर कडी असते, हातात धरून गोठ्यात जाता यावं म्हणून. हा टेबलावर ठेवायचा काचेचा दिवा, रॉकेलचा. अवांतर : 'रॉकेल' हे 'रॉक ऑइल'चं आपल्या तोंडी झालेलं रूप, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकेतून ते डब्यांनी उतरत होतं. त्या डब्यांच्या पुढे बादल्या झाल्या. म्हणजे या दिव्यासाठी तरी आपल्याला परका शब्द शोधायला नको.

डॉग रनला माजघर म्हणता येत नाही, ते बंद असतं. बोळ दोन घरांमधला. देवडी दिंडीदरवाज्याची. 'आरपार सोपा' चालेल का, कोल्हापूरकरांनी सांगावं.

—

कोल्हापूरकर बोलतोय. सोप्याला मागे भिंत असते आणि आत जायला दार असतं. आरपार असेल तर तो सोपा कसला!

—

त्याच काळातली दुसरी छायाचित्रकार डोरोथिया लँग, तिच्या 'मायग्रंट मदर' या गाजलेल्या फोटोचं काय केलंत? 'स्थलांतरित माता' लिहिलं असेल तर आत्ताच खोडा. बहात्तरच्या दुष्काळात गावं सोडलेल्यांना आमच्या आजीने कधी स्थलांतरित म्हटलं नाही. 'जगायला गेली' म्हणायची.

—

लिहिलं होतं, खोडलं. तसंही ते नाव फोटोला मागाहून चिकटलेलं. लँगच्या मूळ ओळीत आहे ते इतकंच : वाटाणा तोडणारे कंगाल लोक, सात मुलांची आई, वय ३२. कॅलिफोर्नियात निपोमोला वाटाणा थंडीने गोठून गेला होता आणि तोडणी बुडाली होती. मी ओळीत एवढीच भर घातली : 'जगायला बाहेर पडलेले'.

बाकी 'अर्धेलीने कापूस करणारा', खावटी, काकवी, पडवी, काचेचा दिवा हे सगळं घेतलं. डॉग रनची जागा अजून कोरी आहे. विदर्भातल्या कुणाच्या घराला अशी मधली मोकळी वाट असेल तर तिला घरात काय म्हणतात ते कळवा.